पुरुषांच्या बाजूचा गाल

"सूनबाई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

शेटेकाकूंनी अशी सुरुवात केली की पुढे राग येण्यासारखंच काहीतरी असणार, हे आमच्या विट्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कीर्तनकार बुवांनी पूर्वरंग संपवून नुकता पाण्याच्या तांब्याला हात घातला होता. देवळात तेवढ्यापुरती कुजबुज सुरू झाली होती आणि काकू सरकत सरकत माझ्या कानापर्यंत पोचल्या होत्या.

"विचारा की."

"अण्णा हल्ली घेतात का गं?"

"काय घेतात?"

"आता काय घेतात ते मी सांगायचं होय? तू शिकलेली आहेस."

मी अर्थशास्त्रात एम. ए. झाले होते आणि गावच्या ज्युनियर कॉलेजात शिकवत होते, पण हा भाग अभ्यासक्रमात नव्हता. माझ्या पलीकडे माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या वाती वळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "घेतात तर. सकाळी एक, संध्याकाळी एक. कपबशीतून."

"अहो, ते चहाचं झालं."

"त्यातही आता डॉक्टरनं गरम बंद केलाय. गार करून पितात. बघवत नाही."

"मग तोंड असं का? बघा की जरा. नुसता टोमॅटो!"

मी बघितलं. मधल्या वाटेत माझे सासरे अण्णा माळवदे देवाकडे तोंड करून, पेटीवर बोटं ठेवून, बुवांची वाट बघत बसले होते. त्यांचा डावा गाल आणि नाकाची डावी बाजू खरोखरच लाल होती. गालावर बारीक पुटकुळ्या होत्या आणि समईच्या उजेडात त्या तुकतुकत होत्या. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. कारण गेले दोन-तीन महिने त्या चेहऱ्याला मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं महागडं मलम चालू होतं आणि घरात अण्णा रोज सांगत होते, "निवळलं बरं का. पुष्कळ निवळलं." सुनेने सासऱ्याच्या तोंडाकडे निरखून बघायचं नसतं, म्हणून मी ते ऐकूनच खरं मानलं होतं.

पंचवीसएक वर्षं झाली याला. पण हे प्रकरण कळायचं तर आधी आमचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ कळायला हवं. तिथे कीर्तनाला मधली वाट मोकळी ठेवायची पद्धत. देवाची नजर थेट वेशीपर्यंत जायला हवी, त्याच्या आड कुणी बसायचं नाही. वाटेच्या उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, एकमेकांकडे तोंड करून. वाटेत फक्त बुवा आणि साथीदार, कारण त्यांनी आड यायचं देवाने चालवून घेतलं होतं. ते देवाकडे तोंड करून बसत. त्यामुळे पेटीवाल्याचा उजवा गाल पुरुषांना दिसायचा, डावा बायकांना. पूर्ण चेहरा फक्त लक्ष्मीनारायणाला दिसायचा, आणि तो तक्रार करणाऱ्यांतला नव्हता.

अण्णा शिंपी होते. जाकिटं शिवायचे. खानापूर तालुक्यात पुढारी व्हायचं ठरलं की माणूस आधी अण्णांकडे माप द्यायचा आणि मग पक्ष निवडायचा, इतकं त्यांचं नाव. पण अण्णांना स्वतःची ओळख 'पेटीवाले माळवदे' अशी आवडायची. तरुणपणापासून देवळात पेटी त्यांचीच. एकादशीचं कीर्तन असो की चैत्रातला उत्सव, ते एक पैसा घेत नसत. वर्षाकाठी एक नारळ आणि एक उपरणं मिळायचं. उपरण्याचं कापड हलकं असतं, अशी तक्रार ते दरवर्षी फक्त घरात करायचे.

या माणसाने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. आणि वर्षभरापूर्वी त्याचं आधी नाक लाल झालं, मग गाल.

नाक लाल झाल्यावर गाव जो निष्कर्ष काढतं, तो आमच्याही गावाने काढला. दिवाळीच्या सुमाराला पुरुषांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने अण्णांना कसलंसं गोरेपणाचं मलम दिलं. ते लावलं की चार दिवस बरं वाटायचं आणि सोडलं की दुप्पट लाल. शेवटी मी रजा टाकून अण्णांना एसटीने मिरजेला नेलं.

मिरजेच्या डॉक्टर मगदूम वयाने तरुण आणि स्वभावाने हेडमास्तर होत्या. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. दारूचा काही संबंध नाही. त्वचेचीच तशी प्रवृत्ती असते. समूळ जात नाही, पण ताब्यात राहतं. हे मलम रोज दोन वेळा पूर्ण चेहऱ्याला, काही महिने. ऊन टाळायचं, चहा गार करून, तिखट बंद."

"तिखट बंद म्हणजे जेवायचं काय?" अण्णांनी विचारलं.

"आणि चिडायचं नाही."

"तिखट नसलं की मी चिडतो," अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी तेही कागदावर लिहिल्यासारखं केलं.

मग औषधाच्या दुकानात ट्यूब हातात आली. तर्जनीएवढी. अण्णांनी किंमत ऐकली, ट्यूब उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "सूनबाई, ही दोन जाकिटांची शिलाई झाली," ते म्हणाले. "आणि आतलं कापड बघ, लहान मुलाचं टोपडंसुद्धा होणार नाही."

"मी देते ना पैसे. मला पगार कशाला आहे?"

"तुझा पगार तुझ्याजवळ ठेव. सुनेच्या पैशाचं मलम लावलं तर लाजेनंच तोंड लाल राहायचं."

तेव्हापासून ती ट्यूब देव्हाऱ्यातल्या देवांच्या शेजारी असायची. महिन्यात संपायला हवी ती संपत नव्हती, याचं मला कौतुक वाटायचं. वाटलं, शिंप्याचा हात, वाया जात नसेल.

इतक्यात देवस्थानाचे प्रमुख बापूसाहेब शेटे, म्हणजे काकूंचे यजमान, दुकानात येऊन गेले. आमच्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्याला देशभर जातात. बापूसाहेब केरळात गाळून परत आले होते आणि आता देवळाचा कारभार गाळत होते. ते वाईट माणूस नव्हते. फक्त दुसऱ्याला अपमान वाटेल ते मायेने बोलायची त्यांना सवय होती.

"अण्णा, तुमच्याबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण लोक बोलतात. देवापुढचा माणूस स्वच्छ दिसला पाहिजे. उत्सवापर्यंत चेहरा ताळ्यावर आणा. नाहीतर सांगलीचा एक कॅसिओवाला आहे, ऑर्केस्ट्रातला. बटण दाबलं की तबलासुद्धा तोच वाजवतो. एका बिदागीत दोन माणसं."

अण्णा त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. परत आले ते मशीनवर बसले आणि एका जाकिटाच्या दोन्ही खिशांची तोंडं शिवून टाकली. ती नंतर आत्याबाईंनी उसवली.

तर असा तो चैत्राचा उत्सव चालू होता. बापूसाहेबांनी उत्सव सुरू होताना आपल्या जागेवरून अण्णांचा चेहरा बघितला, समाधानाने मान हलवली आणि पेटीवर अण्णाच बसले. आणि तरीही काकू मला विचारत होत्या की अण्णा घेतात का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दुकानात डोकावले. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मापाच्या आरशासमोर अण्णा उभे होते. करंगळीच्या टोकावर मुगाएवढं मलम. त्यांनी ते नाकाच्या शेंड्यापासून उजवीकडे लावायला सुरुवात केली, गाल झाला, हनुवटीचा अर्धा भाग झाला. कपाळाच्या मधोमध येऊन हात असा थांबला की जणू खडूने रेघ मारलेली होती. मग त्यांनी ट्यूबला टोपण लावलं.

"अण्णा, डावी बाजू राहिली."

ते दचकले, पण शिंपी दचकला तरी हात हलत नाही.

"राहू दे."

"डॉक्टरांनी पूर्ण चेहऱ्याला सांगितलंय."

"डॉक्टरांना कीर्तन माहीत नाही," अण्णा म्हणाले. "हे बघ सूनबाई, जाकिटाला पुढं टेरीकॉट लावतात आणि पाठीला अस्तर. का? लोक पुढून बघतात. पाठीला टेरीकॉट लावणारा शिंपी मूर्ख नाहीतर श्रीमंत. आता माझं पुढं कुठलं? पुरुषांच्या बाजूचं. बापूसाहेब तिकडं, कमिटी तिकडं. माझी जागा राहायची की जायची, ते तिकडं ठरतं."

"बायकांच्या बाजूला काल चर्चा झाली."

"होऊ दे. त्यांना कमिटीत मत नाही."

लग्नाला चाळीस वर्षं होत आलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला नवल वाटलं. पण सुनेने सासऱ्याला अशा बाबतीत शहाणं करायचं नसतं. शिवाय युक्तिवाद बिनतोड होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत तुटपुंज्या साधनांच्या वाटपावर इतकं स्वच्छ उदाहरण मला कधी सापडलं नव्हतं.

पुढच्या दोन दिवसांत त्या वाटपाचे परिणाम दिसू लागले. कीर्तन सुटलं की नवरा-बायको आपापल्या बाजूने उठून घरी जायचे आणि घरोघरी एकच भांडण व्हायचं. नवरा म्हणायचा, पेटीवाल्याचा चेहरा निवळला. बायको म्हणायची, कुठं निवळला, लालभडक आहे. नवरा म्हणायचा, तुला दिसत नाही. बायको म्हणायची, मला सगळं दिसतं. एकाच माणसाला एकाच वेळी बघून आलेली दोन माणसं असं बोलू लागली की गोष्ट चेहऱ्यावर थांबत नाही. आमच्या गल्लीत एका घरी गेल्या वर्षीची हरवलेली अंगठीसुद्धा त्या भांडणात निघाली.

शेटेकाकू तर्काने चालणाऱ्या होत्या. काल्याच्या दोन दिवस आधी कीर्तनात त्यांनी मला निकाल सांगितला. "आमचे हे रोज सांगतात, अण्णा सुधारले. आता मला सांग, पिणाऱ्याचं तोंड डोळ्यांनी दिसत असताना जो नाही म्हणतो, तो कोण?"

"कोण?"

"त्याच्याबरोबर बसणारा!" काकू म्हणाल्या. "केरळातनं आल्यापासनं मला संशयच होता."

आत्याबाईंची वात मधेच तुटली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापूसाहेब काकूंना घेऊन आमच्या घरी आले. म्हणजे खरं तर काकू बापूसाहेबांना घेऊन आल्या. बापूसाहेबांचा चेहराच सांगत होता की घरात त्यांचं जेवण झालेलं नाही. अण्णा मशीनवर होते. बापूसाहेब सवयीने त्यांच्या उजव्या हाताला, बाकावर बसले. काकू डावीकडे, कापडाच्या गठ्ठ्यावर. मी माजघराच्या दारात उभी. आत आत्याबाई भाकऱ्या करत होत्या, त्यांच्या थापण्याचा आवाज येत होता.

"अण्णा," बापूसाहेब म्हणाले, "मी सरळ बोलतो. उद्या काला. आज सोक्षमोक्ष लागला पाहिजे. माझ्या घरात माझ्यावर आळ आलाय."

"कसला?"

"तुमच्याबरोबर बसण्याचा."

"तुम्ही तर आत्ताच बसलात."

"तसलं बसणं नव्हे हो!" बापूसाहेब बायकोकडे वळले. "बघ. बघून घे एकदा. आहे का लाल? चक्क साफ आहे."

"साफ?" काकू म्हणाल्या. "डोळे आहेत की गोट्या? रक्त उतरलंय नुसतं."

"अगं, कुठं?"

"हे काय, इथं!"

"तू हट्टाला पेटलीस."

"आणि तुम्ही कशाला पेटलात ते सांगा!"

अण्णा दोघांच्या मधे समोर बघत बसले होते. कीर्तनात बसायचे तसेच. मला हसू दाबवेना. मी म्हटलं, "बापूसाहेब, तुम्ही दोघं जागा बदलून बसता का जरा?"

ते दोघं उठले. बापूसाहेब गठ्ठ्यावर गेले, काकू बाकावर. मशीनचं चाक आपोआप अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "ही बाजू तर चांगली आहे."

"आणि ही लाल आहे," बापूसाहेब म्हणाले. बायकोचं खरं ठरल्याचं दुःख आणि आपण सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर एकदम आला. "अण्णा, हा काय प्रकार?"

मी रोझेशिया सांगितला, मिरज सांगितली, दारूचा संबंध नसतो हे डॉक्टरांच्या आवाजात सांगितलं, मलमाची किंमत सांगितली. अण्णांनी जाकीट आणि अस्तर सांगितलं. बापूसाहेबांना ते लगेच पटलं. सोनं गाळणाऱ्याला काटकसर समजते.

काकूंना पटलं नाही. "ते सगळं खरं," त्या म्हणाल्या. "पण मी ट्यूबा घेते हो माझ्या गुडघ्यासाठी. अर्धीच बाजू लावली तर ट्यूब दुप्पट पुरायला हवी. सूनबाई, किती पुरते?"

मी मनात हिशोब केला. दुप्पट पुरत नव्हती. मी जे कौतुक करत होते ते थोड्याफार पुरण्याचं होतं. अर्ध्या चेहऱ्याच्या मानाने ती भलतीच लवकर संपत होती.

"मग उरलेलं जातं कुठं?" काकूंनी अण्णांना विचारलं.

अण्णांनी सुईत दोरा ओवायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा नेम चुकताना मी बघितला.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. आत्याबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. माझ्या शेजारून पुढे झाल्या आणि कोपराने डोईवरचा पदर मागे सारला.

"उरलेलं इथं लागलंय," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत राहिलो. आत्याबाईंचा चेहरा स्वच्छ होता. म्हणजे पूर्ण स्वच्छ नव्हे. नाकाच्या बाजूला, गालांवर, पुसट लाली होती, ओसरत आलेली. आणि तेव्हा कुठे मला आठवलं की हा चेहरा असा नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आत्याबाईंचे गाल लालच होते. चुलीपाशी बसून आल्यावर तर पेटल्यासारखे. बायका म्हणायच्या, काय तेज आहे बाई या वयात.

"द्वारकाबाई, तुम्हालाही हेच होतं?" काकूंनी आत्याबाईंना विचारलं. "कधी बोलला नाहीत!"

"कुणी विचारलं? पुरुषाचं तोंड लाल झालं की गावाची कमिटी भरते. बाईचं झालं की चुलीची धग."

"आग व्हायची?"

"व्हायची की. भाकरी थापताना, उन्हातनं आलं की. ओला पदर लावायचा, पुढचं काम करायचं."

बापूसाहेबांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा दोऱ्याकडे बघत म्हणाले, "मिरजेला त्या डॉक्टरबाई एकेक विचारत होत्या. चुलीजवळ गेलं की जळजळतं का, गरम काही घेतलं की तापतं का. मला त्यातलं निम्मंच होत होतं. मी म्हटलं, ह्या माझं विचारतच नाहीत. हिचं विचारतायत."

"मग तिथंच का नाही बोललात?" मी विचारलं.

"एका ट्यूबला माझा जीव गेला होता. दुसरी लिहून दिली असती म्हणजे?" ते थांबले. "आणि ही यायला तयार नव्हती. मी रोज हिच्या कुंकवाच्या मेणाच्या डबीत थोडं काढून ठेवतो. डॉक्टरांनी बायकांसाठी फुकट दिलंय म्हणून सांगितलं."

"डॉक्टर फुकट देतात, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं," आत्याबाई म्हणाल्या. "पण म्हटलं, बोलतायत तर बोलू दे. खोटं बोलायची सवय नाही त्यांना, तेवढाच सराव."

"तुला ठाऊक होतं?"

"ट्यूब देव्हाऱ्यात ठेवली होती तुम्ही. देवपूजा काय शेजारीण करते?"

बापूसाहेब उठले. त्यांनी रुमालाने डोळे टिपले. भूकही लागली असावी. "अण्णा, विषय संपला. पेटी तुमची. उद्या काल्याला तुम्हीच. मी सांगलीला निरोप देतो, येऊ नको म्हणून."

अण्णांचा चेहरा असा उजळला की तो लाल कुठला आणि आनंदाचा कुठला ते सांगता येईना. काल्याचं कीर्तन म्हणजे उत्सवाचा कळस. सगळं गाव लोटतं. दहीहंडी फुटायच्या आधी बुवा भैरवी घेतात आणि तिथे पेटीला मोकळं रान असतं. अण्णा वर्षभर त्या भैरवीवर जगायचे.

त्या आनंदात त्यांनी नको ते केलं. बायकोला म्हणाले, "आता तरी चल मिरजेला. सगळ्यांसमोर कळलंच आहे. नीट दाखवून घे."

"येते की," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या चला." आणि लगेच कपाळाला पिठाचा हात लावल्यासारखं केलं. "अगंबाई, उद्या काला नाही का! राहिलं मग. बघू पुढं कधीतरी."

इतकी वर्षं हे असंच चालत आलं असणार. आत्याबाईंच्या गुडघ्याच्या वेळी एकादशी, डोळ्यांच्या वेळी लग्नसराईची जाकिटं. त्या नेमका असा दिवस काढायच्या की अण्णांना नाही म्हणावं लागेल आणि आपल्याला जावं लागणार नाही. डॉक्टरला त्या भीत होत्या, एवढी साधी गोष्ट होती. आत्याबाई वळून आत निघाल्यासुद्धा.

अण्णांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली.

"सूनबाई, मिरजेची पहिली गाडी कधी?"

आत्याबाई थांबल्या.

"अहो, काला आहे."

"माहीत आहे. उद्या चल म्हणालीस. परवा तू यायची नाहीस."

"अण्णा!" बापूसाहेब म्हणाले. "काल्याला साथीदार नाही असं कधी झालेलं नाही. तो कॅसिओवाला उद्या बसला आणि लोकांना आवडला, तर पुढचं मी सांगू शकत नाही."

"बसवा त्याला. बुवा काळी दोनच्या पट्टीत गातात, तेवढं सांगा. आणि तबल्याचं बटण दाबू नको म्हणावं."

"पण जागा जाईल तुमची!"

अण्णांनी मशीनवर फडकं घातलं. ते भरदुपारी मशीनवर कधीच फडकं घालत नसत.

"पुढचं सांगू शकत नाही म्हणे," काकू उठत म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला कोण सांगतंय? चला घरी." पुढच्या चैत्रात पेटीवर कोण बसलं असेल, हे ज्यांना काकूंचा आवाज आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्या दुपारी अण्णांना ते माहीत नव्हतं.

सकाळच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले. उन्हाचं नको म्हणून आत्याबाईंनी त्यांना उठवलं आणि सावलीच्या बाजूला नेलं. मी मागच्या बाकावर. मागच्या वेळी नको म्हणाले होते त्याच अण्णांनी चढताना माझ्याकडे न बघता म्हटलं होतं, "सूनबाई, दोन ट्यूबांचे तू दे. मी जाकीट विकलं की देतो." मी हो म्हटलं. त्यांनी ते कधी दिले नाहीत आणि मी कधी मागितले नाहीत. आमच्या नात्यातली ती सगळ्यात मोठी देवघेव.

डॉक्टर मगदूमांकडे गर्दी होती. आमचा नंबर यायला दुपार झाली. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं नाही. विट्यात भैरवी सुरू झाली असणार.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी अण्णांचा चेहरा उजवीकडून बघितला, मग डावीकडून, मग समोरून. मी कारण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माळवदे, औषध म्हणजे प्रसाद आहे का वाटून खायला? यांना तपासलंय कुणी? उलटं काही झालं असतं तर?"

"चुकलं," अण्णा म्हणाले.

"आणि अर्धा चेहरा? माझ्या सगळ्या शिक्षणात अर्धा चेहरा ऐकला नाही मी."

"चुकलं," अण्णा पुन्हा म्हणाले, पण या वेळी त्यांना तितकंसं पटलेलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी आत्याबाईंना स्टुलावर बसवलं. आत्याबाईंनी अण्णांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. आपण धरलंय हे त्यांना माहीत नसावं. भिंग आलं, दिव्याचा झोत आला, हनुवटी वर करून झाली. दुखलं काहीच नाही. याचा आत्याबाईंना थोडा रागच आल्यासारखा दिसला.

"हेच आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी नवा कागद ओढला. "मावशी, हा लालपणा कधीपासून?"

आत्याबाईंनी विचार केला.

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टरांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं.

"त्याच्या आधी नव्हता?"

"नव्हता," अण्णा मधेच बोलले. "मी बघायला गेलो होतो. तेव्हा नव्हता."

"तुम्ही?" आत्याबाई स्टुलावरच वळल्या. "तुम्ही तर मान वर केली नव्हतीत. पोह्यांच्या बशीत बघत होता सगळा वेळ. आमच्या घरात अजून सांगतात."

"केली होती," अण्णा म्हणाले. "तू खाली बघत होतीस."